दुसरी हजेरी

डब्ल्यू.आर.एस. कॉलनी, रायपूर
१८ जून २००१

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

बारावीचा निकाल लागला. एकाहत्तर टक्के. रसायनशास्त्रात चौऱ्याऐंशी, आणि ते मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे, कारण हे पत्र त्याच्याचसाठी आहे. राज्य नवं झालं तरी बोर्ड अजून भोपाळचंच, म्हणून गुणपत्रिका उशिरा येईल. आली की झेरॉक्स पाठवते.

मला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचं आहे. पण नुसतं रसायन मिळत नाही, तीन विषयांचा गट घ्यावा लागतो म्हणे. कोणी म्हणतं, गणिताशिवाय पुढे एम.एस्सी.ला घेत नाहीत. माझं तर बारावीला जीवशास्त्र होतं, गणित दहावीलाच सुटलं. कोणी म्हणतं फार्मसी कर. कोणी म्हणतं इंडस्ट्रियल केमिस्ट्री कर, इथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत लगेच नोकरी लागते. विचारून विचारून मी दमले. शेवटी बाबा तुझं नाव घेऊन म्हणाले, "आपल्या घरात केमिस्ट्री शिकलेली एकटी माही बाई हाय. तिले लिही. ते म्हणन तेच करू."

म्हणजे माझं सगळं आता तुझ्या हातात आहे. तू इथेच, मी जाणार त्याच कॉलेजात पहिलं वर्ष केलंस ना? मग नागपूरला जाऊन विषय का बदललास, ते बाबांना सांगता येत नाही. ते म्हणतात, तुला रायपूरची हवा मानवली नाही. फॉर्म २ जुलैपासून मिळणार आहेत. लवकर लिही.

तुझी,
साक्षी


नागपूर
२४ जून २००१

चि. साक्षी,
अनेक आशीर्वाद.

तुझे चौऱ्याऐंशी वाचून मी शेजारीपाजारी पेढे वाटले. समोरच्या बाईंनी विचारलं, "भाचीचं जमलं काय?" मी म्हटलं, "मार्क जमले, बाकीचं आम्हाले घाई नाही."

आता कामाचं. बी.एस्सी. तीन वर्षांची. तिथे विषयांचे गट ठरलेले असतात. गणितवाल्यांना भौतिक, रसायन, गणित आणि तुमच्यासारख्यांना रसायन, वनस्पती, प्राणी. ज्या विषयात एम.एस्सी. करायची, तो तिन्ही वर्षं असावा लागतो. म्हणून पहिल्या वर्षी जो गट घेशील, तो मानगुटीवर बसलाच समज. गणित नाही म्हणून एम.एस्सी.चं दार बंद होत नाही. तिथे जीवशास्त्रवाल्यांना गणिताचा एक छोटा पेपर देतात आणि रडतखडत सगळे त्यात पास होतात. लेखी आणि प्रात्यक्षिक वेगवेगळं पास व्हावं लागतं. प्रात्यक्षिकाला पंचाहत्तर टक्के हजेरी नसली तर परीक्षेला बसू देत नाहीत. फार्मसी चार वर्षांची, आणि फी ऐकून तुझा बाप शाम पलंगावर बसेल. इंडस्ट्रियल केमिस्ट्रीत काही आठवडे कारखान्यात काम करावं लागतं. तो विषय चांगला आहे, पण सगळीकडे शिकवत नाहीत, चौकशी करावी लागेल.

हे तू विचारलंस म्हणून सांगितलं. माझं मत विचारशील तर रसायन सोड. तिथे वनस्पती, प्राणी आणि मानवशास्त्र असा गट मिळतो, तो घे. रसायनात ओढण्या जळतात, बोटांना डाग पडतात, खोकला जन्मभर मागे लागतो. मी शाळेत झाडंपानं शिकवून चोवीस वर्षं सुखाने पोट भरते आहे.

हवा मानवली नाही, हे शाम म्हणतो ते बरोबरच आहे.

तुझी,
आत्या


रायपूर
२९ जुलै २००१

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

रागावू नकोस. मी रसायन, वनस्पती, प्राणी हाच गट घेतला. तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं, पण "रडतखडत पास होतात" इथपर्यंतच. पुढचं पान माझ्याजवळ आहे. बाबांनी खुशीत सही केली आणि कॉलनीभर सांगत सुटले की, बाईने परमिशन दिली.

आता कॉलेजची गंमत ऐक. राजधानी झाल्यापासून इथे ज्याला त्याला खोल्या पाहिजेत. आमच्या कॉलेजच्या समोरच्या चार खोल्या नव्या सरकारच्या कुठल्याशा दफ्तराला दिल्या. लाल दिव्याच्या गाड्या तिथे उभ्या असतात. त्या खोल्यांत नवी प्रयोगशाळा होती. म्हणून आम्हा पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मागची जुनी प्रयोगशाळा उघडली. ती कितीतरी वर्षं बंद होती. शिशवी बेंच, पितळी नळ, आणि कोपऱ्यात एक लहानशी गॅसची खोली. तिथे काचेचे तीन फुगे एकावर एक ठेवल्यासारखं किपचं यंत्र आहे. त्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा तो वायू निघतो. क्षार ओळखायचा असला की परीक्षानळी घेऊन आत जायचं, वायू सोडायचा आणि बाहेर यायचं. पहिल्या दिवशी मला ओकारी आली.

आम्हाला शिकवायला गंगाधर सर आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होणारे. त्यांची एक जुनी पद्धत आहे. ते तासाला दोनदा हजेरी घेतात. एकदा सुरुवातीला, दुसऱ्यांदा प्रयोगशाळेला कुलूप लावण्याआधी. दोन्ही वेळा 'यस सर' आलं तरच तास धरतात. माझ्या शेजारी पंडरी मोहल्ल्यात राहणारी मंजिरी असते. तिला घरी लवकर जायचं असलं की दुसऱ्या हजेरीला तिचं 'यस सर' मी म्हणते, माझी वेळ आली की ती म्हणेल. सरांची नजर आता अधू आहे, त्यामुळे चालून जातं.

एक विचित्र गोष्ट सांगू? आमच्या तुकडीत एकतीस नावं आहेत. दुसऱ्या हजेरीला एकतिसावं नाव झालं, सरांनी रजिस्टर मिटलं, की मागून अजून एक 'यस सर' येतं. मुलीचा आवाज. पहिल्यांदा सगळे हसले. आता कोणी हसत नाही. सर तर ऐकूच आलं नाही असं दाखवतात, पण त्यांचा हात थांबतो. मला तो आवाज ओळखीचा वाटतो, कुठे ऐकला ते आठवत नाही.

आणि आमच्या सात नंबरच्या बेंचवर कंपासने कोरलं आहे, 'अंजना गजभिये, शांता तायडे, १९७२'. म्हणजे तुझाच बेंच मला मिळाला. शांता कोण गं? तुझी मैत्रीण?

तुझी,
साक्षी


नागपूर
४ ऑगस्ट २००१

चि. साक्षी,

पान लपवलंस, त्याबद्दल मग बोलू. विषय बदलायला प्रवेशानंतर महिनाभर मुदत असते. तुमची तारीख मी इथून माहीत करून घेतली, १४ ऑगस्ट. त्याआधी रसायन सोडून मानवशास्त्राचा अर्ज दे. शामला वेगळं पत्र टाकलं आहे, आणि ते सगळं वाचण्याइतकं स्पष्ट लिहिलं आहे.

तोवर गॅसच्या खोलीत एकटी जाऊ नकोस. दुसऱ्या हजेरीला कोणासाठीही 'यस सर' म्हणू नकोस, आणि स्वतःसाठी कोणाला म्हणू देऊ नकोस. कारण विचारू नकोस.

आत्या


रायपूर
९ ऑगस्ट २००१

आत्या,
जयभीम.

तुझं पत्र बाबांना मिळालं. बाबांनी विषय बदलायच्या अर्जावर सही करून तो माझ्या दप्तरात टाकला आहे. "बाई कारणाबिगर म्हणत नाही," एवढंच म्हणतात. मी सोमवारी देणार आहे. तुझ्या मनासारखं झालं. पण मला खूप रडू आलं, हेही तुला कळू दे. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट स्वतःहून आवडली होती, आणि तू ती कारण न सांगता काढून घेतलीस. शांता कोण, एवढं साधं विचारलं, त्याचंही उत्तर नाही.

उरलेले दोन प्रॅक्टिकल मी मनापासून करणार आहे. खोकल्याची काळजी करू नकोस. मला त्या वायूची सवय झाली. पहिले पंधरा दिवस वासाने डोकं उठायचं. आता मी आत गेले की क्षणभर वास येतो आणि मग काहीच नाही. मंजिरी अजून नाकाला रुमाल लावते. मी तिला हसते.

आणि मी आत एकटी नसते. एक सीनियर मुलगी तिथे असते, जाडशी वेणी घातलेली, आपल्याच भाषेत बोलणारी. ती कधी बाहेर आलेली दिसत नाही. दर वेळी एकच विचारते, "तुले वास येते काय वं?" मी आधी हो म्हणायचे. परवा म्हटलं, "नाही येत आता." तर ती इतकी घाबरली की भिंतीला टेकली. मी नाव विचारलं, तर म्हणाली, "रजिस्टरात हाय माहं नाव. हजर हाय मी."

मला वाटतं, बिचारीचं डोकं जरा हललेलं आहे.

साक्षी


नागपूर
१२ ऑगस्ट २००१

साक्षी,

तुझं पत्र काल मिळालं. तुमच्या शेजाऱ्यांच्या नंबरवर चार वेळा फोन लावला, लागत नाही. राजधानी झाल्यापासून तिकडचे नंबर बदलले म्हणतात. म्हणून हे स्पीडपोस्टने पाठवते. हातात पडेल तेव्हा जिथे असशील तिथे बसून आधी हे वाच.

तो वायू थोडा असतो तोवर नाक ओरडून सांगतं. तो वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं नाही. वास जाईल त्या क्षणी बाहेर पळायचं असतं. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि तुम्हालाही शिकवलं असेल. पण सवय झाली असं आपल्याला वाटतं.

शांता तायडे तिल्द्याहून पॅसेंजरने यायची. परतीची गाडी पावणेपाचची. ती लवकर निघायची आणि दुसऱ्या हजेरीला तिचं 'यस सर' मी म्हणायचे. ती माझी जिवाभावाची मैत्रीण होती. तिची पंचाहत्तर टक्के भरावी म्हणून मी वर्षभर खोटं बोलले आणि मला त्याचा अभिमान होता. फेब्रुवारी १९७३ मधली गोष्ट. बेंचवर तिचं दप्तर नव्हतं. मला वाटलं, गेली गाडीला. तेव्हा नवीनच लागलेल्या गंगाधर सरांनी नाव घेतलं. मी म्हटलं, "यस सर." त्यांनी कुलूप लावलं.

ती दप्तर घेऊनच गॅसच्या खोलीत गेली होती. क्षार ओळखून झाला की तशीच स्टेशनवर जाणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत श्वास चालू असावा.

चौकशी झाली. रजिस्टरात ती दोन्ही वेळा हजर. म्हणजे तास संपेपर्यंत ती धडधाकट होती, आणि नंतर सगळ्यांची नजर चुकवून आपल्या मर्जीने आत जाऊन बसली, असं ठरलं. गावात काय काय बोललं गेलं, ते तुला लिहू शकत नाही. तिचा भाऊ पांडुरंग माझ्याकडे आला होता. म्हणाला, "अंजनाताई, तिले कोणतं दुःख होतं, तुमाले तरी सांगतलं असन ना?" मी नाही म्हणून मान हलवली. मला एक शब्द बोलायचा होता. तो मी अठ्ठावीस वर्षांत बोलले नाही. मला रायपूरची हवा मानवली नाही ती अशी.

त्या खोलीत जाऊ नकोस. ती तुला वास विचारते आहे, तर तिचं ऐक.

आत्या


रायपूर
१७ ऑगस्ट २००१

प्रिय आत्या,

मी घरी आहे, बरी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. तुझं पत्र काल आलं. जे व्हायचं ते सोमवारीच झालं.

सोमवारी अर्ज माझ्या पाठीवरच्या पिशवीत होता. मंजिरीला मी म्हटलं, एवढा एक क्षार करते आणि ऑफिसात अर्ज देऊन येते. मी पिशवीसकट गॅसच्या खोलीत गेले. वास आला, गेला. ती वेणीवाली भिंतीशी उभी होती. या वेळी तिने काही विचारलं नाही. नुसती दाराकडे बोट दाखवत राहिली. मी म्हटलं, "झालंच." त्यापुढचं मला आठवत नाही.

पुढचं मंजिरीकडून ऐकलेलं लिहिते. तिला वाटलं, मी ऑफिसात गेले. दुसरी हजेरी सुरू झाली. सरांनी माझं नाव घेतलं. मंजिरीने माझं 'यस सर' म्हणायला तोंड उघडलं, तर कोणीतरी तिचं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता. कानाशी कोणी म्हणालं, "अंजना, नोको म्हणू वं." तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही. सरांनी पुन्हा नाव घेतलं. मग सरांच्या हातून रजिस्टर पडलं आणि ते धावले. मंजिरी म्हणते, सरांना इतकं जोरात पळताना कोणी पाहिलं नव्हतं. सरळ गॅसच्या खोलीकडे गेले, दुसरीकडे कुठे बघितलंसुद्धा नाही.

तीन दिवस दवाखान्यात होते. शुद्धीवर आले तेव्हा सर कॉटजवळ बसले होते. म्हणाले, "तेव्हा मी आवाजावर विश्वास ठेवला, बेटा. तोंड नाही पाहिलं." मला तेव्हा काही कळलं नाही. काल तुझं पत्र वाचल्यावर कळलं.

त्या वायूने माझ्या पायातले चांदीचे तोरडे काळेठिक्कर पडले आहेत. आईने चिंच लावून घासले. तरी पुरते उजळले नाहीत.

मंजिरी काल भेटायला आली. तिच्या मनगटावर अजून चार बोटांचे वळ आहेत. मला म्हणाली, "यार, ये अंजना कौन है? मेरेको क्यों बोली?" तिच्यासमोर मी तुला कायम आत्याच म्हटलं आहे. तुझं नाव तिला माहीत असायचं कारण नाही. बेंचवर कोरलेलं आहे, पण ती जागा माझ्या कोपराखाली असते.

आणि आत्या, दवाखान्यात पडल्या पडल्या मला तो बत्तिसावा आवाज ओळखू आला. तो तिचा नाही. तो तुझा आहे. तरुण आहे, पण तुझाच. तू अजून दर तासाला तिथे तिच्यासाठी 'यस सर' म्हणते आहेस.

अर्जाची तारीख गेली. आई रोज रडते. मी काय करू ते आता तूच सांग, पण कारणासकट सांग.

तुझी,
साक्षी


नागपूर
२१ ऑगस्ट २००१

माझ्या लेकी,

तुझं पत्र वाचून मी देवळात नाही, विहारातही नाही, सरळ शाळेत गेले आणि रजा टाकली. शनिवारी येते. शामला सांग, स्टेशनवर येऊ नको, मला वाट माहीत आहे.

रविवारी तिल्द्याला जाईन. पांडुरंग तिथेच आहे, अशी चौकशी केली. त्याच्या बहिणीला कसलंही दुःख नव्हतं, ती गाडीच्या घाईत होती, आणि रजिस्टरातली ती हजेरी मी दिलेली होती, हे त्याच्या दारात उभं राहून सांगेन. तो काय म्हणेल ते ऐकून घेईन. कॉलेजलाही लेखी देईन.

सोमवारी तुमचं प्रॅक्टिकल आहे. कॉलेजचा फोन लागला, गंगाधर सरांशी मी बोलले. १९७२-७३चं रजिस्टर त्यांनी जपून ठेवलं आहे, असं ते म्हणाले. दुसऱ्या हजेरीला तुमची एकतीस नावं झाली की ते त्यातलं एक नाव वाचतील. मी तुझ्या शेजारी, सात नंबरला उभी असेन. आणि या वेळी मी गप्प राहीन.

रसायन सोडू नकोस. सोड म्हणाले ती माझी भीती होती, अभ्यासक्रमाचं त्यात काही नव्हतं.

तुझी,
अंजनाआत्या


रायपूर
३० ऑगस्ट २००१

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

सुखरूप पोचलीस, हे बाबांकडून कळलं. पांडुरंगकाकांनी तुला काय म्हटलं, ते तू आम्हाला सांगितलं नाहीस. पण तिथून आलीस तेव्हा तुझे डोळे सुजलेले होते आणि तू दोन भाकरी खाल्ल्यास, म्हणून मी विचारलं नाही.

सोमवारी बाहेर पडताना तू मला विचारलंस, "काही ऐकू आलं काय वं?" मी नाही म्हटलं. खोटं बोलले. तुला गाडी पकडायची होती. पण या गोष्टीत आता खोटं काही राहायला नको, म्हणून लिहिते.

सरांनी 'शांता तायडे' म्हटलं. तू माझा हात घट्ट धरला होतास आणि ओठ मिटून घेतले होतेस. तुझं ते 'यस सर' आलं नाही. सर थांबले. त्यांनी पुन्हा नाव घेतलं. तेव्हा गॅसच्या खोलीच्या दाराशी ती म्हणाली, अगदी स्पष्ट, दमून घरी आलेल्या माणसाच्या आवाजात, "अॅब्सेंट, सर."

सरांनीही ऐकलं असणार. मी त्यांना जुन्या रजिस्टरात तांबड्या शाईने काहीतरी लिहिताना पाहिलं.

काल पुन्हा प्रॅक्टिकल होतं. एकतीस नावं, एकतीस 'यस सर'. मंजिरीला लवकर जायचं होतं, तर तिची गैरहजेरी लागली, आणि तिने तक्रार केली नाही. गॅसच्या खोलीत आता पंखा बसवला आहे आणि दार काढून टाकलं आहे. मी वर्गातल्या दुसऱ्या दोघींना घेऊन आत गेले. भिंतीशी कोणी नव्हतं.

वास मात्र आला, आत्या. बाहेर येईपर्यंत येत होता.

तुझी,
साक्षी